शेटलंडच्या शाली

स्वेटर सुयांवरून उतरला, बाह्या जोडल्या, की काम संपले असे आपण समजतो. पण विणलेला कपडा धुऊन, मापाला ताणून, तसाच वाळविला म्हणजे त्याला खरा घाट येतो. लोकर भिजली की नरम होते आणि ज्या आकारात वाळेल तो आकार धरते. या शेवटच्या कामाला जिथे मोठा मान होता, त्या शेटलंडची हकीकत मंडळाच्या भगिनींसाठी देत आहे.

शेटलंड ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटे. तेथे झाडे थोडी, वारा फार. पुरुष मासे मारायला समुद्रावर जात. शेतीभाती, गुरेढोरे बायकाच बघत, आणि पाठीवर टोपली घेऊन चालतानासुद्धा विणीत. १८३७ साली आर्थर अँडरसन यांनी तेथले मोजे व्हिक्टोरिया राणीस भेट दिले. हे गृहस्थ मूळचे शेटलंडचेच, आणि पुढे विलायतेची डाक मुंबईस आणणाऱ्या पी. अँड ओ. आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. पुढे तेथल्या जाळीदार शालींना चांगली मागणी आली. अन्स्ट बेटावरची तलम शाल अंगठीतून आरपार जाई!

सुयांवरून उतरलेली शाल मात्र चोळामोळा झालेल्या फडक्यासारखी दिसे. मग ती साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धूत. पांढरी असल्यास गंधकाची धुरी देत. नंतर काठाच्या एकेका टोकातून दोरा ओवून ती लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी सारखी ताणीत. वाळली की जाळीतली नक्षी लख्ख उमटे. हे काम पोटासाठी करणाऱ्या बायका निराळ्या असत. पुढे स्वेटरसाठीही हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी लाकडी चौकट वापरू लागले.

एवढे कष्ट करून विणणारणीच्या हाती रोख पैसा क्वचितच पडे. व्यापारी विणकाम घेई व मोबदल्यात चहा, कापड असला दुकानातला माल देई. घरात पीठ नसले तरी चहाच घ्यायचा! १८७२ साली या चालीबद्दल सरकारी चौकशीचा अहवाल निघाला. त्या चौकशीत साध्या विणणाऱ्या बायकांनी निर्भयपणे साक्षी दिल्या. १८८७ च्या कायद्याने मजुरी रोखीने देणे बंधनकारक झाले, तरी जुनी चाल पुष्कळ वर्षे रेंगाळली.

शाल राणीच्या अंगावर गेली, पण विणणारणीला चहाची पुडी मिळाली. म्हणून भगिनींनो, विणलेला कपडा नीट ताणून वाळवा; आणि तो दुसऱ्यासाठी विणला असेल, तर त्याची मजुरी मागताना संकोच धरू नका.