लाळेतून कर्करोगाचा माग : प्रस्तावना

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात क्षार, प्रथिने, जिवाणू, झडलेल्या पेशी आणि डीएनए-आरएनएचे तुकडे असतात. सुई न टोचता या अंशातून कर्करोग ओळखता येईल का, हा या अभ्यासशाखेचा प्रश्न आहे. तोंडाच्या कर्करोगात त्याला विशेष वजन येते, कारण गाठीच्या पेशी थेट लाळेतच झडतात.

२००४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड वाँग यांच्या गटाने ३२ रुग्ण आणि तितक्याच निरोगी माणसांची लाळ तपासली. चार संदेशवाहक आरएनए एकत्र पाहिल्यावर ९१ टक्के रुग्ण ओळखता आले. या निकालाने अनेकांना इकडे ओढले.

खरी कसोटी त्यानंतर लागते. नमुन्याआधी खाणे, तंबाखू, दात घासणे बंद ठेवावे लागते. चूळ भरून रुग्णाने शांत बसायचे. खाकरायचे नाही, तोंडात साठेल तशी लाळ नळीत सोडायची. नळी लगेच बर्फात जाते, कारण लाळेतली विकरे आरएनए झपाट्याने तोडतात. शिवाय त्या चारांपैकी इंटरल्युकिन-८ हा दाहाचाही निदर्शक आहे. हिरड्या सुजल्या तरी तो वाढतो. म्हणून तुलनेसाठी निव्वळ निरोगी तोंडे पुरत नाहीत. मिश्री लावणारी, गुटखा खाणारी, हिरड्यांतून रक्त येणारी पण कर्करोग नसलेली माणसेही हवीत. महाराष्ट्रातल्या संशोधकांना ती शोधायला लांब जावे लागत नाही.

आणखी एक भान हवे. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसते तोंड पाहून तपासणी केली, तरी तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे केरळमधल्या मोठ्या चाचणीने २००५ मध्ये दाखवले. लाळेच्या चाचणीने या स्वस्त तपासणीला हटवायचे नाही, तिच्या पुढचे काम करायचे आहे. सुपारीमुळे ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या गालाची आतली बाजू नीट दिसत नाही. लाळ मात्र मिळू शकते. पांढरा चट्टा असलेल्या अनेकांपैकी बायोप्सी आधी कोणाची, हेही तिने सांगावे. अंतिम निर्णय बायोप्सीचाच.

दंतवैद्य, जीवरसायनतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि गावोगाव फिरणारे आरोग्यसेवक या साऱ्यांची इथे गरज आहे. नव्या अभ्यासकांचे मनापासून स्वागत.