तांब्याची जाळी, कथलाचा डाख

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे-नगर मार्गावर. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एसटीच्या वर्धापनदिनाला ही गोष्ट हमखास निघते आणि वाटेवरच्या गावांनी केलेल्या स्वागताचं वर्णनही होतं. बॉनेटखाली काय चाललं असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. पाऊस पडायचा होता, रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा होता आणि इंजिनाची सगळी मदार पुढच्या जाळीतल्या पाण्यावर होती.

सुरुवातीच्या काळात एसटीकडे बेडफर्डशिवाय शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. एकीचा रेडिएटर दुसरीला बसण्याची शक्यता कमीच. नवा मागवायचा तर बोटीची वाट पाहायची. म्हणून गळका रेडिएटर उतरवायचा, डाख लावायचा आणि परत चढवायचा, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

नगर तेव्हा गाड्यांचंच गाव होऊ लागलं होतं. फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांच्या तपासणीची यंत्रणा इथे आली. आजच्या ‘व्हीआरडीई’ या लष्करी वाहन संशोधन संस्थेची मुळं तिच्यात आहेत. १९४८ मध्येच इथल्या रणगाडा प्रशिक्षणाच्या शाळेत बाहेरून आलेली केंद्रं मिळवून ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ उभं राहिलं. नगरमध्येच १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे. या जातीच्या गाड्यांना रेडिएटरसमोर पोलादी झडपा असत. झडपा लावल्या की गोळी अडायची, पण वाराही अडायचा आणि पाणी तापायचं.

नगरच्या रस्त्यांवर वाऱ्यापेक्षा पाण्याची अडचण मोठी. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला, आणि उन्हाळ्यात विहिरीचं जे पाणी मिळतं त्यात क्षार फार. गाडी इमामपूरच्या, करंजीच्या किंवा चंदनापुरीच्या घाटात तापली की क्लीनर डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघायचा आणि मिळेल ते ओतायचा. त्या पाण्याने घाट निभायचा, पण नळ्यांच्या आत पांढरा थर धरायचा. म्हणजे आजच्या तापावरचं औषध उद्याच्या तापाचं कारण. त्यात गाडी उसाची असेल तर जाळीच्या फटींत धूळ आणि पाचट जाऊन बसायचं, ते वेगळंच.

ही जाळी मुळात जर्मन डोक्यातून आली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला आणि थोड्या पाण्यात मोठं इंजिन थंड राहू लागलं. पुढे चपट्या पितळी नळ्या, त्यांना चिकटलेले तांब्याचे पातळ पापुद्रे आणि वर-खाली पितळेच्या टाक्या, असा घाट रूढ झाला. जोड सगळे कथील-शिशाचे.

आणि इथेच नगरचं जुनं कसब कामाला येतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हा जिल्हा इंग्रजी गॅझेटियरच्या काळापासून नावाजलेला. कल्हईला लागणारं कथील आणि नवसागर बाजारात होतंच. प्रत्येक रेडिएटरवाला तांबटाच्या घरचा होता असं मुळीच नाही; पण धातू तोच होता आणि त्याला लावायची आचही ओळखीची होती.

काम चालायचं ते असं. रेडिएटर उतरवून त्याची तोंडं रबराच्या बुचांनी बंद करायची, तो पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि एका तोंडातून हवा सोडायची. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण. मग ती जागा खरवडून, आम्ल लावून लख्ख करायची. थोडा जरी मळ राहिला तरी डाख धरत नाही. कथील-शिशाचा मिश्रधातू १८३ अंशांना वितळू लागतो, तांबं हजारापलीकडे. एवढं अंतर हाताशी असलं, तरी एका जोडाला दिलेली आच शेजारचा जोड सोडवू शकते. त्यामुळे नवशिक्या एक गळती बंद करताना दोन नव्या काढायचा. क्षार जास्त धरले असतील तर वरची टाकीच आच देऊन सोडवायची, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी आरपार घालून थर काढायचा आणि टाकी पुन्हा डाखायची. एखादी नळी अगदीच गेली असेल तर ती दोन्ही टोकांना बंद करून टाकायची. गाडी थोडी जास्त तापायची, पण धावायची.

दुकान लांब असेल तर ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. पूड पाण्याबरोबर फिरते आणि बारीक भेगेत अडकून फुगते. गळती थांबते खरी. पण तीच पूड चांगल्या नळ्यांतही साचते. हळदीचा गाळ काढायला मेकॅनिक जास्त पैसे मागत असेल तर त्याचं काही चुकत नाही.

पुढे ॲल्युमिनियम आलं. तांब्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही, पण वजनाने तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आणि स्वस्त. नव्या मोटारींत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि जुना डाख त्याच्यावर टिकत नाही. प्लॅस्टिकला तडा गेला तर तिथे आच देण्याचा प्रश्नच नाही. अर्गन वेल्डिंग होतं, एम-सील लावून दिवस काढता येतात, पण बहुतेक वेळा नवा बसवणंच परवडतं. मेकॅनिक बदलायलाच सांगतो म्हणून त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि एसटीच्या जुन्या गाड्याही त्यात आल्या. डाखाचं काम आता मुख्यतः जुने ट्रॅक्टर, जनरेटर आणि हौसेने जपलेल्या जीपगाड्यांचं. बाकीचे तांब्याचे रेडिएटर भंगारात जातात, तिथे त्यांना ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो.