तिसऱ्या पानाबाहेरचा टाका

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. तिथला रविवार म्हणजे कपडे धुणे, कुकर लावणे आणि घरी फोन. दुपारी बारापर्यंत सगळं संपतं. मग जवळच्या एका मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून जुनं सामान विकायला बसायचे, तिथे मी नेमानं जायला लागलो. घ्यायचं काही नसायचं, नुसतं बघायचं.

एकदा एका आजोबांच्या खोक्यात दोन वेगळीच पोस्टकार्डं दिसली. पुठ्ठ्याची उठावदार चौकट, आत पातळ जाळीदार रेशमी कापड, त्यावर रंगीत रेशमानं भरलेली पॅन्सीची फुलं, खाली ब्रिटन आणि फ्रान्सचे झेंडे आणि १९१६ हा आकडा. दोन्ही कार्डं अगदी सारखी. आजोबा म्हणाले, ही पहिल्या महायुद्धातली. फ्रान्समधल्या खेड्यापाड्यातल्या बायका घरी बसून हातानं भरायच्या आणि सैनिक ती विकत घेऊन आईला, बायकोला पाठवायचे. मी विरघळलो. दोन्ही घेतली, एक मला आणि एक मावशीला.

मावशीलाच का, तर आमची मावशी सांगलीत हाच उद्योग करते. पायमशीनवर भरतकाम करून आणि रंगीत कापडाचे तुकडे लावून (तिच्या भाषेत पॅचवर्क) ती ग्रीटिंग कार्डं बनवते. दिवाळी, राखी, बारसं, काय म्हणाल ते. परत आल्यावर मी मोठ्या थाटात दोन्ही कार्डं तिच्यापुढे ठेवली आणि आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं चष्मा लावला, खिडकीपाशी गेली आणि दोन मिनिटांनी म्हणाली,

"अरे, हे मशीनचं आहे."

"कशावरून?"

"डावीकडचं तिसरं पान बघ. एक टाका पानाबाहेर गेलाय. आता दुसऱ्या कार्डात बघ. तिथंच, तेवढाच. हातानं चूक होते रे, पण तीच चूक परत तश्शी नाही होत."

दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून पोट भरणारा मी, आणि मला हे दिसलं नव्हतं!

मग काय, पुढचे तीन-चार वीकेंड त्यातच गेले. आजोबा काही खोटं बोलत नव्हते. ही गोष्ट कित्येक वर्षं सगळेच सांगत आलेत. असं भरलेलं रेशमी कार्ड १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पहिल्यांदा मांडलं गेलं असं मानतात. पण त्याचे खरे दिवस आले १९१४ ते १९१८ मध्ये. लाखो ब्रिटिश सैनिक फ्रान्समध्ये उतरले होते आणि प्रत्येकाला घरी काहीतरी पाठवायचं होतं. कार्डांवर दोस्त राष्ट्रांचे झेंडे असायचे, पलटणींची चिन्हं असायची, आईला, बहिणीला, प्रेयसीला उद्देशून दोन शब्द असायचे. पॅन्सी तर फारच. फ्रेंचमध्ये त्या फुलाला पाँसे म्हणतात आणि पाँसे म्हणजे विचार, आठवण. काही कार्डांना कापडाचाच छोटा खिसा असे, त्यात बोटभर चिठ्ठी सरकवलेली.

ही कार्डं स्वस्त नव्हती. साध्या ब्रिटिश सोल्जरचा पगार युद्धाच्या सुरुवातीला दिवसाला एक शिलिंग. त्यातून घेतलेली नाजूक वस्तू उघडी पोस्टात कोण टाकणार? ती पत्राबरोबर पाकिटातून जायची. त्यामुळे आज सापडणाऱ्या पुष्कळ कार्डांची मागची बाजू कोरीच असते. माझ्याही दोन्ही कोऱ्या. म्हणजे विकली न गेल्यामुळे कोऱ्या की कुणाच्या तरी घरी पोचल्या म्हणून कोऱ्या, हे कळायला मार्ग नाही.

(आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घरात असं कार्ड सापडेल का, हा विचार मनात आलाच. पण मराठा पलटणींपैकी बहुतेक त्या युद्धात मेसोपोटेमियात होत्या. तिथे कसलं रेशीम आणि कसलं काय.)

आता हिशेब करा. सगळी मिळून सुमारे एक कोटी कार्डं बनली असावीत असा अंदाज दिला जातो. युद्ध चाललं साधारण १,५६० दिवस. बहुतेक कार्डं त्याच काळातली धरली तर रोजची सहा हजारांच्या वर! पुरुष आघाडीवर, बायका शेतात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात, अशा काळात. हाताची सुई पुरेल?

म्हणून मग अभ्यासकांनी मावशीसारखंच केलं. एकाच नमुन्याची दोन-दोन कार्डं शेजारी ठेवली. टाका न् टाका जुळला. त्यांचं म्हणणं असं, की यातली बरीचशी कार्डं एका विशिष्ट यंत्रावर झाली आहेत आणि त्या यंत्राचं नावच (हसू नका) हात-भरतकाम यंत्र असं आहे.

हे यंत्र फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोसुए हाइलमाननं १८२८ च्या सुमारास बनवलं. कल्पना अफाट आहे. कापड उभ्या चौकटीत ताणलेलं. दोन्ही बाजूंना एकेक गाडा, त्यावर चिमट्यांच्या रांगा. सुयांना दोन्हीकडे टोक आणि नेढं मध्यभागी. या बाजूचे चिमटे सुया कापडात खुपसतात, पलीकडचे त्या पकडून दोरा ओढून घेतात, मग उलट. सुया शेकड्यांनी. आणि कारागीर काय करतो? त्याच्या डाव्या हातात पँटोग्राफचा दांडा. समोर नक्षीचं सहापट मोठं चित्र. चित्रावरच्या एकेका टाक्यावर तो दांड्याचं टोक नेतो, तेवढ्याच प्रमाणात, पण सहापट लहान, अख्खी चौकट सरकते. उजव्या हातानं चाक फिरवायचं, पायांनी पट्ट्या दाबायच्या. एक माणूस एक फूल भरतो आणि त्याच वेळी शेकडो फुलं भरली जातात. त्याचा हात जरा हलला तर एक टाका पानाबाहेर, सगळ्या प्रतींमध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपच्या आतला बग. :)

शिवाय यात एकच दोरा दोन्हीकडून जातो, हातानं भरताना जातो तसा. शिवणयंत्रासारखा खालून बॉबिनचा दुसरा दोरा नाही. (तो प्रकार इझाक ग्रोब्लीनं १८६३ मध्ये आणला, शिफली यंत्र. पुढे १८९८ मध्ये त्याच्या मुलानं त्याला पंच केलेल्या पट्टीवर चालणारं केलं. यावर एक वेगळा लेख होईल, आज आवरतो.) त्यामुळे हात-यंत्राचं काम उलटीकडूनही हाताचंच वाटतं. लोक फसले यात नवल नाही.

ही यंत्रं सगळ्यात जास्त कुठे, तर स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात. १९१० च्या सुमारास भरतकाम ही त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात होती, घड्याळंबिड्याळं मागे. शेतकऱ्यांच्या घरांतसुद्धा यंत्रं होती. आणि एक गोष्ट वाचून मी थांबलो. दोरा जेमतेम मीटरभर लांबीचा. तो संपला की सगळ्या सुयांत पुन्हा ओवायचा. ओवायचं यंत्र बऱ्याच उशिरा आलं. तोवर हे काम घरातल्या बायका आणि मुलं करत, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर, दिव्याच्या उजेडात.

हे सगळं सांगायला गेल्या महिन्यात पुन्हा सांगलीला गेलो. मावशीनं ऐकून घेतलं आणि मग तिची जुनी जखम उघडली. काही वर्षांपूर्वी एका हस्तकला प्रदर्शनात तिनं स्टॉलसाठी अर्ज केला होता. आयोजक बाई म्हणाल्या, "मशीनवर केलंय ना? मग हे हँडमेड नाही." पैसे परत.

"मी काय करते ते तिनं बघितलंच नाही," मावशी म्हणाली. ते मी लहानपणापासून बघत आलोय. मशीनचा पाय काढून टाकायचा, दाते खाली करायचे, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि दोन्ही हातांनी ती रिंग सुईखाली फिरवत राहायची. सुई फक्त वरखाली होते. पाकळी कुठे वळणार ते हात ठरवतात. पॅचची कड तर ती इतकी बारीक धरते की दोरा आहे का कापडच रंगीत आहे, कळत नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू पँटोग्राफच की!"

"तो कोण?"

समजावलं. तिला पटलं नाही. "त्याची शेकडो होतात. माझं एका वेळी एकच होतं. मी कशाला तो?" बरोबरच होतं तिचं.

मग मी त्या ओवणाऱ्या मुलांचं सांगितलं. ती काही बोलली नाही. कार्ड उलटं करून बघायला लागली, पण भरतकामाची पाठ पुठ्ठ्याखाली चिकटवलेली, दिसणार कशी? "सोडवू का कड?" म्हणाली. मी घाबरून कार्ड काढून घेतलं.

एका बारशाची ऑर्डर पुरी करायची होती. तिनं गुलाबी रेशीम काढलं, रिंग लावली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक नेढं नीट दिसत नाही. तिनं दारातून शेजारच्या मुलीला हाक मारली, ती अभ्यासाचं पुस्तक तसंच उघडं ठेवून आली, दोरा ओवला आणि परत पळाली.