गाडी बघावी आतून

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. आज इतिहासाचा तास आहे, पण शिवकाल नाही आणि पेशवाईही नाही. आज मोटारगाडीचा इतिहास, आणि तोही आतून!

निमित्त घरचंच. 2024 च्या गणपतीत नातू पुण्याहून चौलला आला आणि म्हणाला, "आबा, गाडी घेतोय. अल्ट्रोझ रेसर." रेसर हा शब्द ऐकताच त्याच्या बापाच्या कपाळाला आठी पडली. "शर्यती लावायच्यात का? आज्जीला डॉक्टरकडे न्यायला उपयोगी पडेल अशी घे." हिचे गुडघे बदलून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, तपासणीला मुंबईच्या खेपा चालू होत्या. बापलेकांची जुंपली आणि निवाडा माझ्याकडे आला. मला गाडी चालवता येत नाही, पण पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. निवाड्याआधी मागची पानं चाळायची खोड जात नाही.

माझ्या मनातली गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. पन्नाशीच्या दशकातल्या तिच्या गोलमटोल रूपाला लोक सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. नंतर डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात नाव पडलं प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. आत पुढे एकसंध बाकडं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, वाऱ्यासाठी खिडकीत छोटी तिकोनी काच. आराम म्हणायचा तो एवढाच.

पण त्या बाकड्याचं माझ्यावर ऋण आहे. 1979 चा आषाढ. आपला जिल्हा तेव्हा कुलाबाच होता, रायगड हे नाव 1981 च्या 1 जानेवारीला मिळालं. रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळ आली. आळीतल्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे फियाट होती. त्यांनी काही न विचारता ती काढली. वडिलांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर. पुढे ते, शेजारचे काका आणि मी, असे तिघं. गिअर वर असल्यामुळे मधल्या माणसाचे पाय आड येत नव्हते. बाहेर मुसळधार. अलिबाग येईपर्यंत मी मागे वळून फक्त आईचा चेहरा बघत होतो. वडील वाचले, पुढे अकरा वर्षं जगले. तेव्हापासून कुठलीही गाडी बघितली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: हिच्यात माणूस आडवा होईल का?

आता ‘हॅचबॅक’कडे वळू. ज्या गाडीची डिकी म्हणजे वेगळी पेटी नसते, मागचं पाचवं दार उघडलं की थेट आतली जागा लागते, ती हॅचबॅक. 1961 ची फ्रान्समधली रेनॉ 4 ही या जातीची गाजलेली गाडी. आपल्याकडे हे पाचवं दार घरोघरी पोचवलं ते डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने. फायदा असा की मागची सीट पाडली की आंब्याच्या पेट्याही मावतात. तोटा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. डिकीतले सुके बोंबील पुढच्या सीटपर्यंत येतात! फियाटच्या बंद डिकीत ते मुकाट बसायचे.

नातवाच्या ‘रेसर’चं मूळ मात्र जर्मनीत सापडलं. 1974 साली फोक्सवॅगनने गोल्फ ही साधी घरगुती हॅचबॅक आणली आणि 1976 मध्ये तिच्यातच 110 अश्वशक्तीचं इंजिन बसवून ‘जीटीआय’ काढली. सुरुवातीला फक्त 5000 गाड्या करायचा विचार होता, पण पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांवर गेल्या. गंमत तिच्या आतल्या सजावटीची. चौकड्यांच्या कापडाच्या सीटा आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची. आधी त्या चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करायच्या. नातवाच्या गाडीत काळ्या सीटांवर केशरी पट्टे आहेत. त्यांची पणजी म्हणजे या चौकड्या.

आपल्याकडे 2001 साली कुर्ल्याच्याच कारखान्यातून फियाटची पॅलिओ आली. सचिन तिची जाहिरात करायचा आणि 1.6 लिटरवाली तर पोरांच्या गळ्यातला ताईत होती. पण त्याआधी, 1998 च्या शेवटी, पुण्यातून टाटांची इंडिका आली होती. रतन टाटांचं मागणं होतं की बाहेरून आकार मारुती झेनएवढा हवा आणि आतली जागा ॲम्बेसेडरएवढी. मला हे वाक्य फार आवडतं. वेगाबिगाच्या आधी बसणाऱ्या माणसाचा विचार!

अल्ट्रोझ याच घराण्यातली, जानेवारी 2020 ची. जून 2024 मध्ये तिची रेसर आली. इंजिन 1199 सीसी, म्हणजे पद्मिनीहून फार मोठं नाही, पण ताकद 120 अश्वशक्ती, जवळजवळ तिप्पट. मोठी करामत टर्बोची. बाहेर जाणारा धूरच एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं, मग जास्त पेट्रोल जळतं. सहा एअरबॅगा, सव्वादहा इंची पडदा आणि पुढच्या सीटांना बारीक छिद्रं, त्यांतून पंख्याने वारा खेळतो. रेक्झिनवर पाठ चिकटवून वैशाख काढलेल्या माणसाला हे खोटंच वाटतं.

शोरूममध्ये मी माझा जुना प्रश्न विचारला. विक्रेता मुलगा गोंधळला. खरं उत्तर असं की पुढचं बाकडं गेलं, तीन माणसांची सोय गेली. पण ते गेलं हे बरंच झालं. प्रत्येकाला स्वतंत्र सीट आणि पट्टा मिळाला. त्या रात्री आम्ही तिघं पुढे विनापट्टा बसलो होतो, खिंडीत गाडी आदळली असती तर? आणि 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका आहे. घरच्या गाडीने आता दवाखाना व्हायची गरज नाही. माझा प्रश्नच जुना झाला होता. हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

मग नवा प्रश्न विचारला, "हिला बसता येईल का?" दार उघडलं तर ते थेट काटकोनात उघडलं, नव्वद अंश. ही आधी पाठमोरी टेकली, मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात धरावा लागला नाही. वर बघून म्हणाली, "अहो, जमलं की!" निवाडा तिथेच झाला. जीटीआयचा धडाही हाच होता. गाडी आधी घरातल्या सगळ्यांची हवी, मग चालवणाऱ्याची हौस. हौस असली म्हणून सोय जात नाही.

आता मुंबईला जाताना मांडव्याला गाडी बोटीत चढते (ही रो-रो मार्च 2020 ची) आणि भाऊच्या धक्क्याला उतरते. हिचे हाल वाचतात. आमच्या वाडीची वाट चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून जाते. पडद्यावर चारी बाजूंचं चित्र दिसतं म्हणून रिव्हर्स घ्यायला सगळ्यात पुढे कोण असतं? कपाळाला आठी पाडणारा बाप! गार सीट मात्र ही पहिल्या पाच मिनिटांत बंद करायला लावते, म्हणते पाठ धरते.

राहता राहिले बोंबील. त्यांच्यावर टर्बोचा इलाज नाही. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घेतलाय.

असो. तुमच्या घरच्या पहिल्या गाडीच्या आत काय काय होतं, आठवलं तर जरूर कळवा.