वसईहून आठवडाभराची मोटारसहल: पालघर जिल्हा सात दिवसांत कसा पाहावा?

वसई-विरारमधील बहुतेक कुटुंबांची सुट्टी लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोव्याच्या दिशेने जाते. आपल्याच जिल्ह्यात समुद्र, किल्ले, चिकूच्या वाड्या, सह्याद्रीचे डोंगर आणि धबधबे आहेत, हे अनेकदा लक्षात येत नाही. वसईतून निघून, जिल्ह्याला वळसा घालून पुन्हा वसईत परत येणारी सात दिवसांची मोटारसहल सहज आखता येते. एकूण अंतर साधारण ४०० ते ५०० किलोमीटर भरते, म्हणजे रोज सरासरी ६० ते ७० किलोमीटर. त्यामुळे गाडीत कमी आणि गावात जास्त वेळ मिळतो.

थोडक्यात

- मार्ग: वसई – केळवे – डहाणू – बोर्डी – जव्हार – वाडा – वज्रेश्वरी – वसई
- योग्य काळ: ऑक्टोबर ते फेब्रुवारी
- मुक्काम: केळवे, डहाणू किंवा बोर्डी, जव्हार
- मुख्य धोके: महामार्गावरील वेग, भरतीचे पाणी, घाटातील रात्रीचा प्रवास

मोटारसहल म्हणजे नेमके काय?

एका ठिकाणी हॉटेल घेऊन राहण्याऐवजी स्वतःच्या गाडीने गावोगाव थांबत जाणे, हा या सहलीचा गाभा. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, ही पद्धत रुजली. तिथे १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि सामान्य कुटुंबे सुट्टीसाठी बाहेर पडू लागली. पुढे १९५० च्या दशकात शेतकऱ्यांनी घरातील रिकाम्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याची चळवळ तिथे उभी राहिली. शहरी कुटुंबाला स्वस्त मुक्काम आणि खेड्याला जोडउत्पन्न, असा तो व्यवहार होता. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये आणलेले कृषी पर्यटन धोरण याच विचाराचे आहे.

जिल्ह्याची रचना आधी समजून घ्या

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. तो राज्याचा ३६ वा जिल्हा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा असे त्याचे आठ तालुके आहेत. सागरी, नागरी आणि डोंगरी असे तिन्ही भाग एकाच जिल्ह्यात येतात.

नकाशावर विरार आणि केळवे जवळजवळ दिसतात, पण मध्ये वैतरणेची खाडी आहे. किनाऱ्याने थेट जाणारा पूल नसल्याने गाडीला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येऊन, मनोरला वळून, पालघरमार्गे पुन्हा समुद्राकडे यावे लागते. २०२५ मध्ये विरारजवळील मारंबळपाडा आणि सफाळ्याजवळील खारवाडेश्री यांच्यात गाड्या वाहून नेणारी रो-रो फेरीबोट सुरू झाल्याने हा मोठा वळसा टळू शकतो. निघण्यापूर्वी फेऱ्यांची वेळ तपासावी.

पहिला दिवस: वसई आणि सोपारा

सहलीची सुरुवात घराजवळूनच करावी. वसईचा किल्ला १५३४ च्या तहानंतर पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांच्या उत्तर प्रांताचे केंद्र बनला. आतील चर्चचे भग्न मनोरे आजही उभे आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकला. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा या विजयाची आठवण मानली जाते. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य जवळपास संपले.

नालासोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरील ते मोठे बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही या परिसरात सापडले आहेत.

संध्याकाळी आगाशी, नंदाखाल, भुईगावच्या वाड्यांमधून फेरफटका मारावा. केळी, फुले आणि पानवेली यांचा हा पट्टा. राजेळी केळ्यांपासून बनणारी सुकेळी ही आगाशी परिसराची ओळख. सामवेदी आणि कुपारी समाजाची कादोडी बोली येथे कानावर पडते. नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती वस्त्यांमधील गोठ्यांचे देखावे पाहण्यासारखे असतात.

दुसरा दिवस: केळवे आणि माहीम

केळव्याचा किनारा सुरूच्या झाडांनी वेढलेला आहे. शितलादेवीचे मंदिर किनाऱ्याजवळच आहे. केळवे-माहीम भाग विड्याच्या पानांच्या शेतीसाठी ओळखला जातो. वाडीत गेल्यास वेली सावलीत कशा वाढवतात, हे मुलांना प्रत्यक्ष पाहता येते. हिवाळ्यात वाडवळी घरांत उकडहंडी होते. कंद, वालाच्या शेंगा आणि मसाला हंडीत मंद आचेवर शिजवतात. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास ती मिळू शकते.

तिसरा दिवस: सातपाटी ते डहाणू

सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले मासेमारी बंदर. बोटी लागण्याची वेळ साधली तर लिलाव पाहता येतो. काम चालू असताना वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. पालघर शहरातील हुतात्मा स्तंभ १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात प्राण गमावलेल्या पाच स्वातंत्र्यसैनिकांची आठवण देतो. पुढे बोईसर, चिंचणीमार्गे डहाणू गाठता येते. वाटेतल्या तारापूरला देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र आहे. ते १९६९ मध्ये सुरू झाले.

चौथा दिवस: घोलवड, बोर्डी, कोसबाड

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूची पावडर, चिप्स, लोणचे असे पदार्थ बागांमध्येच विकत मिळतात.

बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडीची कल्पना. देशभरातील अंगणवाड्यांना हेच नाव मिळाले.

डहाणू तालुक्यातील गंजाड हे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. लग्नाचा चौक भिंतीवर रेखण्याचे काम वारली समाजात सुवासिनींचे असे. म्हसे यांनी हीच चित्रभाषा कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्र घ्यायचे असल्यास थेट चित्रकाराकडून घ्यावे. शहरातील दुकानात छापील नक्कल मिळते आणि त्याचे पैसे या पाड्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

पाचवा आणि सहावा दिवस: जव्हार

डहाणूहून चारोटी, कासामार्गे गाडी घाट चढू लागते. वाटेत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे दर्शन घेता येते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, शिरपामाळ आणि दाभोसा धबधबा ही मुख्य ठिकाणे. सुरतेच्या १६६४ च्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते, असे सांगितले जाते.

दाभोशाला पाणी पावसाळ्यानंतर काही आठवडे चांगले असते. धबधब्याखालच्या डोहात उतरू नये. शांत दिसणाऱ्या डोहाची खोली वरून कळत नाही. दुपारी नागलीची भाकरी आणि रानभाज्या मिळाल्या तर चुकवू नयेत.

सातवा दिवस: वाडा, वज्रेश्वरी, परत वसई

जव्हारहून विक्रमगड, वाडा आणि अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला यावे. वाड्याचा कोलम तांदूळ प्रसिद्ध आहे. घरी नेण्यासाठी तो खात्रीच्या शेतकऱ्याकडून किंवा गिरणीतून घ्यावा. वज्रेश्वरी हे ठाणे जिल्ह्यात येते, पण त्याचा संबंध वसईशी आहे. किल्ला जिंकल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, अशी परंपरा आहे. तानसा नदीकाठी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. येथून पारोळ, शिरसाड फाटामार्गे विरार जवळ पडते.

भरतीची वेळ कशी ओळखावी?

या भागातील किनारे उताराने सपाट असल्याने भरतीचे पाणी वेगाने आत येते. वाळूत उतरवलेल्या गाड्या रुतून बसण्याचे आणि पाण्यात जाण्याचे प्रकार म्हणूनच होतात. गाडी किनाऱ्यावर कधीही उतरवू नये.

किनाऱ्यावरील लोक तिथीवरून भरतीचा अंदाज घेतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून ही वेळ दुपारची तशीच पहाटेची किंवा रात्रीची. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती असते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्याला भांग म्हणतात. हा ठोकताळा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांना विचारावे.

महामार्गावर मागच्या सीटचा पट्टा का लावायचा?

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी अचानक थांबली, तर पट्टा नसलेला प्रवासी त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. मांडीवरचे मूल अशा वेळी हातांनी धरून ठेवता येत नाही. मागील प्रवाशांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा बालआसन हवे.

महामार्गावर अवजड वाहनांची सतत ये-जा असते. त्यामुळे सकाळी लवकर निघावे. जव्हारचा घाट अंधार पडण्यापूर्वी पार करावा. सीएनजी गाडीची टाकी महामार्गावरच भरून घ्यावी. डोंगरी भागात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

पाहुण्यांनी जाणून घ्यावे असे दोन प्रश्न

पहिला पाण्याचा. वसई-विरारच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या प्रकल्पाचा आहे, आणि त्याचे धामणी धरण कासा परिसरात आहे. मुंबईला पाणी देणारी मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही धरणेही वैतरणेच्या खोऱ्यात आहेत. तरीही जव्हार-मोखाड्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि साठवलेले पाणी शहरांकडे जाते. त्यामुळे मुक्कामाच्या घरी पाणी जपून वापरणे हा केवळ शिष्टाचार नाही.

दुसरा किनाऱ्याचा. डहाणू तालुका जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथील उद्योगांवर मर्यादा आहेत आणि देखरेखीसाठी १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. याच तालुक्यात वाढवण येथे मोठे बंदर उभे राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. रोजगार आणि व्यापार वाढेल, अशी शासनाची भूमिका आहे. मासेमारीची जागा आणि बागायती जाईल, अशी मच्छीमार आणि शेतकऱ्यांची भीती आहे. डहाणूत मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला दोन्ही बाजू गावातच ऐकायला मिळतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पावसाळ्यात ही सहल करावी का?*
डोंगर हिरवेगार असतात, पण समुद्र खवळलेला आणि घाट निसरडा असतो. धबधब्यांवर प्रशासनाची बंदीही असू शकते. लहान मुले असल्यास टाळावी.

*अर्नाळ्याचा किल्ला यात बसतो का?*
हो, पहिल्या दिवशी. किल्ला बेटावर असल्याने गाडी अर्नाळा गावात ठेवून बोटीने जावे लागते. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारावी.

*सात दिवस मिळत नसतील तर?*
तीन दिवसांत केळवे आणि डहाणू-बोर्डी, किंवा दोन दिवसांत फक्त जव्हार करता येते. सगळेच घाईत पाहण्यापेक्षा एक भाग नीट पाहिलेला बरा.

*आजी-आजोबा सोबत असतील तर?*
रोजचे अंतर कमी असल्याने हा मार्ग त्यांना झेपतो. किल्ला सकाळच्या उन्हात पाहावा आणि जव्हारला सलग दोन रात्री राहावे, म्हणजे रोज सामान बांधावे लागत नाही.