कविकथा : लक्षण, प्रकार आणि मर्यादा

कवीच्या आयुष्यातील प्रमाणसिद्ध घटनांचा क्रम म्हणजे कविचरित्र. रचनेची उत्पत्ती वा योग्यता सांगण्यासाठी समाजाने रचलेले आख्यान म्हणजे कविकथा. चरित्राला पुरावा लागतो, कथेला श्रोता पुरतो. म्हणून कथेबाबत ती खरी की खोटी, यापूर्वी ती कोणती उणीव भरते, हे पाहावे.

उणिवेनुसार प्रकार तीन.

१. चरित्राची उणीव. रचना उपलब्ध, जीवनवृत्त विरळ. महीपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) संतकवींविषयी हेच कार्य करतो.

२. निर्णयाची उणीव. मलयाळम परंपरेत संस्कृत पंडित मेल्पत्तूर आणि लोकभाषेतील कवी पून्तानम यांच्यात श्रेष्ठ कोण, याचा निवाडा गुरुवायूरचा देव देतो : विभक्तीहून भक्ती प्रिय. येथे वाद भाषेच्या प्रतिष्ठेचा असून कथा हा त्याचा निकाल आहे.

३. कर्त्याची उणीव. सातपुड्यातील भिल्ल समाजात देवी याहा मोगी आणि राजा पांठा यांची गाथा गायिली जाते. ‘याहा’ म्हणजे आई. येथे कर्ता विचारला जात नाही. कथा आणि काव्य एकच होतात.

या विभागणीची कसोटी त्याच सातपुडा परिसरातील नंदुरबार जिल्ह्यात लागते. शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला. कवी समकालीन, कर्ता ज्ञात, श्रमिक संघटनेतील कार्यही ज्ञात. अर्थात वरीलपैकी एकही उणीव नाही. तरीही त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेमागील ‘प्रसंग’ शोधण्याचा मोह वाचकाला होतो.

या मोहाच्या अवस्था तीन : (अ) कवितेतील ‘आम्ही’ एका सभेला बांधणे, (आ) त्या सभेला स्थळ व तिथी जोडणे, (इ) ‘आम्ही’चा ‘तो’ करणे. तिसऱ्या अवस्थेत समूहाची तक्रार एका व्यक्तीची आठवण होऊन बसते.

आता कवितेचा विषय पाहावा. निवेदन करणाऱ्या समूहाला मंचावर बोलावले जात नाही. बोटाने जागा दाखवून खाली बसविले जाते. आणि वरून त्या समूहाचेच दुःख त्याला सांगितले जाते. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणे, हाच येथे दोष मानला आहे. कवितेला बाहेरून कथा चिकटविणारा अभ्यासक तोच दोष करतो.

यावरून मर्यादा निश्चित होते : जेथे उणीव आहे, तेथे कविकथा हे साधन, जेथे कवीने स्वतः सांगितले आहे, तेथे ते अतिक्रमण.