ऑफशोअर सुरक्षा म्हणजे काय? बार्जवर कामाला जाण्याआधी हे वाचा

आपल्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही, तरी विषय आपलाच आहे. आयटीआय झालेल्या माझ्या मावसभावाचा परवा फोन आला, "दादा, मुंबई हायला बार्जवर वेल्डरचं काम मिळतंय, जाऊ का?" त्याला जे सांगितलं, तेच इथे देतोय.

नियम कुठून आले?
मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किमी आत आहे. २७ जुलै २००५ ला तिथे एक जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं, गॅसचा पाइप फुटला आणि आगीत २२ जण गेले. २००८ मध्ये केंद्र सरकारने ऑफशोअर कामांसाठी सुरक्षा नियम लागू केले. देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी करतं. जहाजांसाठी 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार आहे.

मग २०२१ मध्ये काय झालं?
तौक्ते चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. तरी पी-३०५ बार्ज समुद्रातच राहिली. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर तुटले आणि १७ मे रोजी ती बुडाली. ती आणि 'वरप्रदा' टग मिळून २७४ लोक होते. ८६ जण गेले. बरेच लाइफराफ्ट फुटलेले होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. म्हणजे नोटिफिकेशन आलं होतं, पण त्यावर वेळेत कृती झाली नाही.

चढल्यावर काय बघायचं?
- मस्टर स्टेशन: संकटात जमायची जागा. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की तिकडे पळायचं.
- लाइफराफ्ट: डब्यावर सर्व्हिसिंगची तारीख असते. साधारणपणे दर १२ महिन्यांनी तपासणी लागते.
- ईपर्ब: मोबाइलचा टॉवर नसतो तिथे हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला संदेश देतं. जहाज बुडालं तर ते आपोआप सुटून वर येतं.
- हुएट: हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं, याचं ट्रेनिंग. हेलिकॉप्टरने जायचं असेल तर आधी हे विचारा.

भावाला मी "जाऊ नको" म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, पहिल्या दिवशी झोपायची जागा नंतर शोध, आधी लाइफजॅकेट कुठे आहे ते बघ.